महाद्वार रोडच्या बोळातलं झाडपाल्याचं दुकान: पोट बिघडल्यावर तिथनं काय घ्यावं आणि काय तिथंच ठेवावं

पावसाळा लागला की कोल्हापुरात ग्रुपवर दोनच विषय असतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली आणि कुणाकुणाचं पोट बिघडलंय. पातळी 39 ला इशारा आणि 43 ला धोका हे पोरासोरांना पण पाठ आहे, पण दिवसातनं किती वेळा संडासला गेल्यावर धोका समजायचा हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. नळाला गढूळ पाणी आलं की पुढच्या आठवड्यात माझ्या काउंटरवर लाईन लागते, कारण मी मेडिकलवाला. आणि यातली निम्मी माणसं माझ्याकडं यायच्या आधी महाद्वार रोडच्या त्या बोळातनं जाऊन आलेली असतात, खिशात कागदाची पुडी असतेच. म्हणून हा रिव्ह्यू. धंद्याच्या हिशोबानं बघितलं तर मी त्या दुकानाचा स्पर्धकच आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हा स्वतःच्या गोळ्या खपवायला लिहितोय. आमच्या आईचा त्या दुकानावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे हेही सांगतो.

दुकानाचं नाव टाकत नाही, खाली काही तक्रारी पण आहेत म्हणून. अंबाबाईच्या देवळाकडनं येताना बोळात शिरलं की आधी वास येतो, वेखंड, हिंग, ओवा आणि कसली तरी जुनी मुळी सगळं मिसळलेला, आणि मग दुकान दिसतं. आत भिंतभर पत्र्याचे डबे, त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं, निम्मी पुसलेली. गल्ल्यावर काका, वय सत्तरीच्या पुढं, आणि मागं त्यांचा मुलगा, ज्यानं क्यूआर कोड लावून दुकान नव्या जमान्यात आणलंय एवढंच. काका मला बघितले की म्हणतात, “काय मेडिकलवाले, गोळ्या संपल्या काय?” आणि हसतात. माणूस गोड आहे.

आता मालाकडं येऊ. पोटासाठी इथं सगळ्यात जास्त खपतं ते कुड्याची साल. पांढरा कुडा, संस्कृतात कुटज, आपल्या गगनबावडा-राधानगरी-आजरा पट्ट्यात भरपूर, आणि आयुर्वेदात अतिसार म्हटला की पहिलं नाव याचंच, कुटजारिष्ट कुटजघनवटी सगळं यातनंच होतं. आता गंमत अशी की बाजारात या सालीत भेसळ होते ती काळ्या कुड्याची, जो दिसायला भाऊच पण कामाचा नाही, आणि बियांचं पण तसंच, कडू इंद्रजव मागितला तर गोडा इंद्रजव हातात पडतो. इथं काकांनी जे केलं ते बघून मी खरंच खुश झालो. त्यांनी डब्यातनं सालीचा एक वाकलेला तुकडा काढला, नखानं आतल्या बाजूनं जरा खरवडला आणि माझ्या हातावर ठेवला, “चावून बघा की, सांगून काय उपयोग.” चावला. पहिली दोन सेकंद काहीच नाही, नुसतं लाकूड, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला असा कडूपणा चढला की चहा पिऊन पण उतरेना. काका म्हणाले कडू नाही तर घेऊ नका, कुणाकडनंबी घेऊ नका. सोन्यासारखा सल्ला आहे हा. चव म्हणजे काही लॅब टेस्ट नव्हे हे मान्य, पण तो कडूपणा अल्कलॉईडचा, म्हणजे झाडातल्या कडू रसायनांचा असतो आणि औषध जे काही आहे ते त्यातच आहे.

मग हे चालतं का? तर इथं जरा थांबून नीट सांगायला लागेल. कुड्यातलं मुख्य अल्कलॉईड कोनेसीन. प्रयोगशाळेत कुड्याच्या सालीतल्या अल्कलॉईडांनी जुलाब करणाऱ्या ई. कोलाय जंतूंवर परिणाम दाखवलाय, अमिबावर पण दाखवलाय. कोनेसीन तर एके काळी आवेच्या पेशंटना वेगळं काढून औषध म्हणून दिलं जायचं, म्हणजे ही नुसती आजीची गोष्ट नाही. पण शुद्ध कोनेसीननं काही पेशंटमध्ये डोक्यावर, मज्जासंस्थेवर उलटे परिणाम दिसले, आणि पुढं मेट्रोनिडॅझोल ही गोळी आल्यावर ते मागंच पडलं. सबंध सालीच्या काढ्यात डोस बराच कमी असतो त्यामुळं तसं सहसा होत नाही, पण मग तसाच प्रश्न उलटा पण येतो ना, की डोस एवढा कमी असेल तर पोटातल्या जंतूला तो पुरतो का. काचेच्या बशीत जंतू मरणं आणि माणसाच्या आतड्यात मरणं यात लई अंतर आहे. ज्याला खरा पुरावा म्हणतात तसल्या, म्हणजे शेकडो माणसं, अर्ध्यांना औषध अर्ध्यांना नुसता दिखावा, अशा मोठ्या चाचण्या कुड्याच्या वाट्याला फारशा आलेल्याच नाहीत. म्हणून माझं मत, मोठ्या माणसाला साधे जुलाब असतील, ताप नाही, रक्त नाही, तर एक-दोन दिवस काढा घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर आव अंगावर काढायची नाही.

झाडपाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट मधेच सांगतो. दक्षिण अमेरिकेत क्रोटॉन जातीचं एक झाड आहे, खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक येतो, तिकडचे आदिवासी तो जुलाबावर घ्यायचे. त्या चिकातनं काढलेलं क्रोफेलेमर नावाचं औषध 2012 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध मंजूर करणाऱ्या खात्यानं, मंजूर केलं, एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांना जे जुलाब होतात, जंतूमुळं नव्हे, त्यासाठी. तिथं ‘बोटॅनिकल’ म्हणजे वनस्पतीजन्य औषधांचा जो वेगळा वर्ग आहे, त्यात तोंडानं घ्यायचं असं मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. म्हणजे झाडात असतंय, पण कुणीतरी चिकाटीनं काढून, मोजून, माणसांवर तपासून दाखवायला लागतं. आपल्या कुड्याला असं कुणी वाली भेटला नाही एवढंच.

पुढचा डबा बेलफळाचा. कोवळ्या बेलाच्या वाळवलेल्या चकत्या, तांबूस, कडेला कवटीचा कडक काठ. यावर मात्र आपल्या मुंबईतच चांगलं काम झालंय, वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चनं 2009 साली कच्च्या बेलाचा काढा तपासून निष्कर्ष छापले, आणि ते वाचताना मजा येते कारण काढ्यानं बॅक्टेरिया मारले म्हणावं तर तसं नाही, तिथं तो कमीच पडला. पण जंतू पेशींना जे चिकटतात आणि आत घुसतात ते त्यानं कमी केलं, आणि कॉलऱ्याच्या विषाची निर्मिती आणि त्याचं पेशीला चिकटणं यावर पण परिणाम दाखवला. म्हणजे नुसतं “जंतू मेले का नाही” एवढंच बघितलं असतं तर बेल नापास झाला असता. हे पण प्रयोगशाळेतलंच काम, माणसांवरचं नव्हे, पण दिशा पटण्यासारखी आहे. लोक घोळ घालतात तो इथं, पिकलेलं बेलफळ आणतात. पिकलेलं बेल उलट पोट साफ करतं, आणि दुकानात त्याच फळीवर बेलाचा मुरंबा आणि सरबत ठेवलंय, साखरेचा नुसता पाक, आणि जुलाबात एवढी साखर पोटात गेली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मी काकांना म्हटलं की हे निदान वेगळ्या फळीवर तरी ठेवा. “गिऱ्हाईक मागतंय ओ,” हे उत्तर. हे उत्तर पुढं पण येणार आहे, लक्षात ठेवा.

दारुहळद पण मिळते, पिवळीधमक, हात पिवळे करणारी. हिच्यातलं बर्बेरीन माणसांवर नीट तपासलं गेलंय, बांगलादेशात, 1987 साली अभ्यास छापून आला. ई. कोलायच्या जुलाबात 400 मिलीग्रॅमच्या एका डोसानं संडासचं प्रमाण चांगलं कमी झालं, 24 तासांत जुलाब थांबलेल्यांचं प्रमाण औषधवाल्यांत 42 टक्के आणि बाकीच्यांत 20 टक्के, कॉलऱ्यात मात्र फार काही हाती लागलं नाही. आकडे बरे आहेत. पण ते शुद्ध बर्बेरीन सल्फेट होतं, मोजून दिलेलं. इथल्या चूर्णाच्या एका चमच्यात किती बर्बेरीन येतं हे ना काकांना सांगता येईल ना मला. आणि गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना हे अजिबात नको, बर्बेरीननं बाळाची कावीळ वाढू शकते.

आणि आता खरी गंमत. माझ्या वाचनात या सगळ्या घरगुती उपायांमध्ये माणसांवरच्या चाचणीत बऱ्यापैकी उतरलेला उपाय या दुकानात मिळतच नाही, कारण तो विकत कोण घेणार, परड्यात आहे. पेरूची पानं. त्याच मुंबईच्या संस्थेनं पेरूच्या पानांचा आधी प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि मग महाराष्ट्रातच मोठ्या माणसांवर चाचणी घेतली, एका गटाला नुसतं ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट, एकाला सहा पानांचा काढा, एकाला दहा पानांचा, दिवसातनं तीनदा. दहा पानांच्या गटाचं पोट 72 तासांत ताळ्यावर आलं, नुसत्या ओआरएसवाल्यांना 120 तास लागले. चाचणी लहान होती, शंभराच्या आसपास माणसं, आणि कुणाला काय दिलंय हे लपवलेलं नव्हतं, त्यामुळं यावरनं लगेच नाचायला नको. पण फुकटच्या पानाला एवढं म्हणजे लईच झालं. काकांना हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “आमची आई बी द्यायची, पर पानं विकून दुकान चालतंय व्हय?” बरोबर आहे बाबा.

इथपर्यंत मी खुशच होतो. तारे कापले ते पुडीनं. काउंटरवर स्टीलच्या डब्यात करड्या रंगाच्या चूर्णाच्या तयार पुड्या असतात, “पोटाची पुडी” म्हणून, एक सकाळी एक संध्याकाळी गरम पाण्यातनं. आत काय आहे विचारलं तर “घरची कृती हाय, वडलांपास्नं.” कागदावर नाव नाही, घटक नाहीत, बॅच नाही, लायसन्स नंबर नाही, तारीख नाही. आयुर्वेदिक औषध विकायचं तर लेबलवर हे सगळं पाहिजे, कायदाच आहे तसा. काका वाईट माणूस नाहीत, पुडीत सुंठ-जायफळ-ओवाच असेल कदाचित. पण जुन्या ग्रंथोक्त पोटाच्या कृतींमध्ये अफू असलेल्या आहेत, कर्पूर रसात अफू आणि हिंगूळ (पाऱ्याचं खनिज) दोन्ही येतात, संजीवनी वटीत बचनाग (विषारी मुळी) आणि बिब्बा असतो, हे सगळं वैद्यानं शुद्ध करून, डोस बघून द्यायचं असतं. अफूनं जुलाब थांबतात यात शंकाच नाही, आतडंच थंड पडतं. पण रक्ताचे जुलाब आणि ताप असेल तर तसं आतडं बंद करणं म्हणजे घाण आत कोंडून ठेवणं. माझ्या काउंटरवर पण लोक “बंद व्हायची गोळी द्या” म्हणून येतात, त्यांनाही मी हेच सांगतो आणि शिव्या खातो. तर लेबल नसलेली पुडी, कुणाचीही असो, घेऊ नका. सुटी साल घ्या, सुटी चकती घ्या, जे डोळ्याला दिसतंय ते घ्या.

मी उभा असतानाच एक ताई आल्या, कडेवर सात-आठ महिन्यांचं पोर, मलूल. “काका, कालपास्नं ढाळ लागल्यात, कायतरी द्या की उगाळून.” मला वाटलं आता जायफळ आणि मुरुडशेंग निघणार. पण काकांनी गल्ल्यावरनं वाकून पोराकडं बघितलं, टाळूवर हात ठेवला आणि एकदम आवाज बदलला त्यांचा. “ताई, आमी ल्हान लेकराला न्हाई देत. टाळू खाली गेलीया. आत्ता दवाखान्यात जावा, रिक्षा करा.” आणि मुलाला रिक्षा बोलवायला पाठवला. डोळे खोल गेलेत, तोंड कोरडं, लघवी कमी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते, टाळू बसलीय, हे सगळं शरीरातलं पाणी संपत आल्याचं लक्षण, आणि यातलं एक जरी बाळात दिसलं तरी ना माझं दुकान ना त्यांचं, सरळ डॉक्टर. त्या एका गोष्टीसाठी मी कापलेला एक तारा परत दिला.

पण गाडी बोळाबाहेर पडली आणि माझं लक्ष वर गेलं तर त्याच फळीवर बाळगुटीचे संच, पारदर्शक पिशवीत, हिरडा बेहडा जायफळ मायफळ मुरुडशेंग वेखंड अतिविष काकडशिंगी, बारशाला द्यायला लोक हौसेनं घेतात. म्हटलं काका, लेकराला देत नाही म्हणताय मग हे? “लोक मागत्यात ओ.” आलं परत. बघा, सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणी सुद्धा नको, हे आता अंगणवाडीताई पण सांगतात. वेखंडातल्या ॲसरोन नावाच्या घटकामुळं अमेरिकेनं ते खाण्याच्या पदार्थात 1968 सालीच बंद केलंय. जायफळ जास्त झालं तर बाळ नुसतं झोपत नाही, गुंगीत जातं. आणि उगाळायची सहाण आणि ते पाणी किती स्वच्छ, हा प्रश्न वेगळाच, जुलाब थांबवायला म्हणून दिलेल्या गुटीतनंच जंतू जायचे. बारशाला झबलं द्या.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ते. जुलाबानं माणूस मरतो तो जंतूनं कमी आणि पाणी-मीठ गेल्यानं जास्त, आणि वरच्या कुठल्याही सालीत, चकतीत, पानात ते गेलेलं मीठ भरून काढायची ताकद नाही. 1971 ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाईकांच्या हातनं पेशंटना पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 3.6 टक्क्यांवर आलं. त्यांना पद्मविभूषण मिळाला 2023 ला, ते गेल्यानंतर. यामागचं सायन्स साधं आहे, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारी वाट जुलाबात पण चालू राहते आणि त्यांच्या मागनं पाणी आत येतं. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचं, लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराईड 1.5 आणि सोडियम सायट्रेट 2.9. पाकीट वीस-बावीस रुपयांचं, एका लिटरला एक, अर्ध्या ग्लासात अर्धं असले हिशोब करायचे नाहीत. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. दोन वर्षांखालच्या पोराला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्यानं, त्यापेक्षा मोठ्याला 100 ते 200. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज 20 मिलीग्रॅम, त्याखाली 10, जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवस पूर्ण, यानं आजार लवकर आटोपतो आणि पुढचे काही महिने परत व्हायचं प्रमाण पण कमी होतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

आणि आपल्या आज्यांना इथं मार्क द्यायलाच पाहिजेत, कारण मीठ घातलेली तांदळाची पेज ही त्याच तत्त्वावर चालते, तांदळाच्या पिठाचं ओआरएस कॉलऱ्यात संडासचं प्रमाण साध्यापेक्षा कमी करतं हे चाचण्यांमध्ये दिसलंय. कच्चं केळं उकडून भातात कालवून दिलं तर पोरांच्या रेंगाळलेल्या जुलाबात फायदा होतो, हे पण बांगलादेशातच तपासलं गेलंय. आजारात उपाशी ठेवायची पद्धत मात्र त्यांचीच, ती सोडा. तांबडा-पांढरा दोन दिवस राहू दे, पण भात, पेज, दही, केळं चालूच.

काकांच्या दुकानात ओआरएस नव्हतं. मी म्हटलं एक बॉक्स ठेवा की, गिऱ्हाईक मागत नसलं तरी द्या. त्यांनी मुलाकडं बघितलं, मुलानं माझ्याकडं, आणि परवा गेलो तर गल्ल्याच्या बाजूला, खारकेच्या बरणीवर, पाकिटांचा बॉक्स होता. फक्त त्याच्या शेजारी फळांच्या चवीचे टेट्रापॅक पण आणून ठेवलेले, गोड-गोड पाणी. 2025 च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी घातली, तरी लोकांच्या डोक्यातनं ते अजून गेलेलं नाही, माझ्याकडं पण रोज कुणीतरी तेच मागतं. डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं पाकिटावर लिहिलंय का ते वाचून घ्या.

बाकी किरकोळ. भाव वाजवी, कुड्याची साल पन्नास रुपयांची घेतली की घरभर पुरते. कार्ड नाही, क्यूआर आहे. दुपारी एक ते चार बंद, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत बोळात शिरायचा नाद करू नका, गाडी बिंदू चौकाकडं लावून चालत या. पाचपैकी साडेतीन. कुडा, बेलाच्या चकत्या, ओवा, सुंठ डोळे झाकून घ्या. पुडी आणि बाळगुटी नको. काकांनी पुडीवर घटक लिहिले तर अर्धा तारा मी स्वतः येऊन वाढवीन, त्यांना सांगितलंय तसं, “बघू की,” म्हणालेत.